मुलांची पहिली नेमबाजी : छोटे रिव्हॉल्व्हर, एअर पिस्तुल आणि पालकांपुढील निवड

नवी दिल्ली : पॅरिस येथे २०२४ मध्ये झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत भारताने नेमबाजीत तीन कांस्यपदके मिळवली. दहा मीटर एअर पिस्तुल प्रकारात वैयक्तिक पदक मिळवणारी आणि सरबज्योत सिंगच्या साथीने मिश्र सांघिक पदकावर नाव कोरणारी मनू भाकर ही हरयाणातील झज्जर जिल्ह्याच्या गोरिया गावची. पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडी गावचा. झज्जर जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत वयाच्या सोळाव्या वर्षी सुवर्णपदक जिंकणारा सौरभ चौधरी मेरठ जिल्ह्यातला, तर त्याच वर्षी पंधराव्या वर्षी राष्ट्रकुल सुवर्णपदक मिळवणारा अनीश भनवाला कर्नालचा. हे दोन्ही जिल्हेही याच क्षेत्रात येतात.

अशा यशानंतर आपल्या मुलाला किंवा मुलीला नेमबाजी शिकवावी असे अनेक पालकांना वाटू लागते. त्यापाठोपाठ प्रश्न येतो तो शस्त्राचा. सुरुवात कोणत्या शस्त्राने करावी? घरात वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावे परवान्याचे छोटे पॉइंट टू-टू रिव्हॉल्व्हर असेल, तर त्यावरच मुलाला शिकवले तर काय हरकत आहे? अमेरिकेसारख्या देशात लहान आकाराचे रिमफायर रिव्हॉल्व्हर हे मुलांना शिकवण्याचे एक रूढ साधन आहे. भारतात मात्र कायदा, उपलब्ध साधने आणि प्रशिक्षणाची पद्धत वेगळी असल्याने या प्रश्नाचे उत्तरही वेगळे आहे. ते समजून घेण्यासाठी आधी या शस्त्राची रचना पाहणे आवश्यक आहे.

रिमफायर म्हणजे काय?

बंदुकीच्या काडतुसात चार घटक असतात : पितळी टोपण, त्यातील दारू, पुढची शिशाची गोळी आणि दारू पेटवणारे स्फोटक मिश्रण. मोठ्या काडतुसांत हे मिश्रण बुडाच्या मध्यभागी वेगळ्या टोपीत बसवलेले असते. रिमफायर काडतुसात ते बुडाच्या बाहेर आलेल्या कडेत, म्हणजे रिममध्ये भरलेले असते. शस्त्राची पिन या कडेवर आदळली की काडतूस उडते. रचना सोपी असल्याने ही काडतुसे स्वस्त पडतात, त्यांचा धक्का कमी असतो आणि आवाजही मोठ्या काडतुसांच्या मानाने कमी असतो.

या जातीतील सर्वांत प्रचलित काडतूस म्हणजे पॉइंट टू-टू लाँग रायफल. ते १८८७ मध्ये अमेरिकेत प्रचारात आले आणि आजही जगभर वापरले जाते. त्याचा व्यास सुमारे ५.६ मिलिमीटर आणि नेहमीच्या गोळीचे वजन सुमारे २.६ ग्रॅम असते. राष्ट्रीय छात्र सेनेच्या छात्रांना पिढ्यान्‌पिढ्या याच बोअरच्या रायफलीवर नेमबाजीचे पहिले धडे मिळत आले आहेत. अंजली भागवत यांचाही नेमबाजीशी पहिला परिचय छात्र सेनेतच झाला. स्वप्नील कुसाळेचे पॅरिसमधील पदक याच काडतुसाच्या रायफलीचे आहे, तसेच २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी पंचवीस मीटर पिस्तुल प्रकारात मिळवलेले सुवर्णपदकही याच काडतुसावर मिळालेले आहे.

'छोटे काडतूस' या शब्दाने मात्र फसगत होऊ शकते. ही गोळी दीड मैलापर्यंत धोकादायक ठरू शकते, असा इशारा काडतुसांच्या खोक्यावर छापलेला असतो. दगड, पाणी किंवा कठीण जमीन यांवर आपटून ती दिशा बदलते. एअर पिस्तुलातील ४.५ मिलिमीटरच्या छर्ऱ्याशी तिची तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. सुमारे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटर वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा पाच-सहा ज्यूल भरते. २.६ ग्रॅमची गोळी आखूड नळीतून सेकंदाला पावणेतीनशे ते तीनशे मीटर वेगाने सुटली, तर तिची ऊर्जा शंभर ज्यूलच्या आसपास जाते. हा फरक पंधरा ते वीस पटींचा आहे.

रिव्हॉल्व्हरचे गुण आणि मर्यादा

रिव्हॉल्व्हर शिकवण्यासाठी चांगले, असे मानणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे एका फिरत्या चक्रात भरलेली असतात. हे चक्र बाहेर काढले की शस्त्र भरलेले आहे की रिकामे, ते एका नजरेत दिसते. स्वयंभरण पिस्तुलात मॅगझिन काढल्यावरही एक काडतूस नळीच्या मागच्या घरात राहून जाऊ शकते आणि 'रिकाम्या' पिस्तुलातून गोळी सुटण्याचे अपघात बहुधा याच कारणाने होतात. शिवाय सहा किंवा आठ घरांच्या चक्रात प्रशिक्षक एकच काडतूस भरू शकतो. एक गोळी सुटल्यावर मुलाने चुकून पुन्हा चाप ओढला, तरी दुसरी गोळी सुटत नाही.

परंतु रिव्हॉल्व्हरच्या काही मर्यादा नवशिक्या मुलाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली मर्यादा चापाची. रिव्हॉल्व्हरचा हातोडा अंगठ्याने आधीच मागे ओढून ठेवला तर चाप हलका लागतो. तसे न करता थेट चाप ओढला, तर त्याच ओढीने चक्र फिरते, हातोडा मागे जातो आणि मग सुटतो. या दुसऱ्या पद्धतीत चापावर चार-पाच किलो किंवा त्याहून अधिक जोर लागतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या बोटात तेवढी ताकद सहसा नसते. मूल मग दोन बोटे घालते किंवा संपूर्ण मनगट आवळते आणि नळीचे तोंड लक्ष्यापासून सरकते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दहा मीटर एअर पिस्तुलाच्या चापाचे किमान वजन ५०० ग्रॅम आणि पंचवीस मीटर पिस्तुलाचे १,००० ग्रॅम असते, ही गोष्ट या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे.

दुसरी मर्यादा आखूड नळीची. पुढची आणि मागची साइट यांतील अंतर जितके कमी, तितकी नेमातील छोटी चूक लक्ष्यावर मोठी होऊन दिसते. समजा, दोन साइट्समधील अंतर १० सेंटिमीटर आहे आणि पुढची साइट एक मिलिमीटर बाजूला गेली. दहा मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला लागेल. हेच अंतर ३२ सेंटिमीटर असेल, तर तीच चूक सुमारे तीन सेंटिमीटरची होईल. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ११.५ मिलिमीटर असतो. आखूड शस्त्रावर शिकणाऱ्या मुलाला आपली चूक कोठे झाली हेच उमगत नाही आणि ते लवकर निराश होते.

याला सुरक्षिततेची बाजूही आहे. शस्त्र जितके आखूड, तितके त्याचे तोंड सहज वळते. लांब रायफल शेजाऱ्याकडे वळवण्यासाठी सगळे शरीर वळवावे लागते. तळहाताएवढे रिव्हॉल्व्हर मात्र मनगटाच्या एका हालचालीने शेजाऱ्यावर, प्रशिक्षकावर किंवा स्वतःच्या पायावर रोखले जाऊ शकते. 'सर, माझी गोळी उडाली नाही', असे म्हणत शस्त्रासह मागे वळणारे मूल ही रेंजवरील प्रशिक्षकांना सर्वाधिक धास्ती वाटणारी गोष्ट आहे.

तिसरी मर्यादा चक्र आणि नळी यांच्यामधील फटीची. गोळी सुटताना या फटीतून तप्त वायू आणि शिशाचे सूक्ष्म कण बाजूला फेकले जातात. रायफल किंवा पिस्तुल धरण्याच्या सवयीने एखाद्याने दुसऱ्या हाताची बोटे तेथे नेली, तर इजा होते. त्यामुळे रिव्हॉल्व्हरवर डोळ्यांचे संरक्षण अनिवार्य समजले पाहिजे.

चौथी बाब रिमफायर जातीचीच आहे. रिकाम्या शस्त्राचा चाप ओढून केलेला कोरडा सराव हा नेमबाजीच्या शिक्षणाचा पाया मानला जातो. अनेक रिमफायर शस्त्रांत मात्र काडतूस नसताना चाप ओढल्यास पिन थेट घराच्या पोलादी कडेवर आदळते आणि पिन किंवा कड झिजते. त्यामुळे निर्मात्याने मुभा दिली नसेल, तर सरावाची नकली काडतुसे वापरावी लागतात. आणि नकली व खरी काडतुसे एकाच टेबलावर असणे हे स्वतःच धोक्याचे कारण ठरते.

भारतीय बाजारातील छोटे रिव्हॉल्व्हर

भारतात नागरिकांसाठी बनलेल्या छोट्या रिमफायर रिव्हॉल्व्हरचे ठळक उदाहरण म्हणजे पश्चिम बंगालमधील इशापूर येथील रायफल फॅक्टरीचे 'निडर'. पॉइंट टू-टू बोअरच्या या रिव्हॉल्व्हरचे वजन सुमारे २५० ग्रॅम आहे. कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ मध्ये बाजारात आणलेले 'निर्भीक' हे पॉइंट थ्री-टू बोअरचे रिव्हॉल्व्हर सुमारे ५०० ग्रॅमचे आहे. दोन्हींची जाहिरात आणि रचना स्वसंरक्षणासाठी, म्हणजे पर्समध्ये किंवा खिशात बाळगता येईल अशा दृष्टीने झालेली आहे.

वजन कमी म्हणजे मुलाच्या हाताला सोयीचे, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात स्पर्धेच्या एअर पिस्तुलाचे वजन साधारण एक किलो असते आणि नियमाने ते दीड किलोपर्यंत चालते. वजन असलेले पिस्तुल हातात कमी थरथरते आणि गोळी सुटल्यावर कमी उसळते. पाव किलोचे रिव्हॉल्व्हर हलके असल्यानेच अधिक उसळते, त्याची मूठ लहान असते आणि साइट्स नाममात्र असतात. जवळच्या अंतरावर एखादा प्रसंग निभावण्यासाठी बनवलेल्या साधनाकडून शिक्षणाची अपेक्षा ठेवणे उचित नाही.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार एकवीस वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला अग्निशस्त्र मिळवता किंवा बाळगता येत नाही. मात्र याच कायद्याने प्रशिक्षणासाठी अपवाद ठेवला आहे. नियमांनुसार बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला प्रशिक्षण आणि लक्ष्यसरावासाठी अग्निशस्त्र वापरता येते; पण त्या वेळी प्रौढ प्रशिक्षक किंवा परवानाधारक स्वतः तेथे उपस्थित असला पाहिजे आणि सराव त्याच्या थेट देखरेखीखाली झाला पाहिजे. नेमबाजी संघटनांकडे नोंद असलेल्या कनिष्ठ नेमबाजांसाठी शस्त्र नियम, २०१६ मध्ये स्वतंत्र तरतुदी आहेत.

म्हणजेच दहा वर्षांच्या मुलाच्या हाती खऱ्या काडतुसाचे रिव्हॉल्व्हर देणे कायद्याला मान्य नाही, मग ते कितीही छोटे असो. बारा वर्षांनंतरही घराची गच्ची, शेत किंवा फार्महाउस ही सरावाची जागा ठरत नाही. स्वसंरक्षणासाठी मिळालेल्या परवान्यावरील शस्त्राने कुटुंबाला सराव घडवणे हे परवान्याच्या अटींचा भंग ठरू शकते आणि परवाना रद्द होण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकते.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील अग्निशस्त्रांची सर्वसाधारण कमाल संख्या तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली. नोंदणीकृत नेमबाजांना संख्येच्या मर्यादेत सवलत आहे. याच दुरुस्तीने लग्न, वरात किंवा अन्य समारंभांत आनंदापोटी केलेल्या आणि निष्काळजीपणाने इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंतचा कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली. उत्तर भारतातील वरातींत झाडल्या गेलेल्या गोळ्यांनी अनेक निरपराधांचे प्राण घेतले आहेत. त्या वातावरणात वाढणाऱ्या मुलाला शस्त्र हे मिरवण्याचे साधन नाही, हे पहिल्या दिवशीच समजणे महत्त्वाचे आहे.

दिल्लीत शस्त्र परवान्याचे काम दिल्ली पोलिसांचा परवाना विभाग पाहतो. हरयाणा आणि उत्तर प्रदेशातील शहरांसाठी त्या त्या जिल्ह्याचे परवाना अधिकारी असतात. २०१६ च्या नियमांनी शस्त्र हाताळण्याचे सुरक्षा प्रशिक्षण आणि ते घरी सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी यांवर भर दिला आहे.

एअर पिस्तुलाचा मार्ग

हवेच्या दाबावर चालणारी, ४.५ मिलिमीटर बोअरची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची पिस्तुले व रायफली यांना अग्निशस्त्राप्रमाणे परवाना लागत नाही. विक्रेता खरेदीदाराची ओळखपत्रे मात्र घेतो आणि त्याची नोंद ठेवतो. दहा मीटर एअर पिस्तुल आणि एअर रायफल हे दोन्ही ऑलिंपिक प्रकार असल्याने या साधनांवर सुरू झालेले शिक्षण पुढे वाया जात नाही. मनू भाकरने वयाच्या चौदाव्या वर्षी नेमबाजीला सुरुवात केली आणि २०१८ मध्ये, सोळाव्या वर्षी, मेक्सिकोतील ग्वादलाहारा येथील विश्वचषकात एअर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळवले. पंचवीस मीटरच्या पॉइंट टू-टू पिस्तुलातही ती पॅरिसमध्ये चौथ्या स्थानापर्यंत पोहोचली.

शिक्षणाच्या दृष्टीने एअर पिस्तुलाचे फायदे उघड आहेत. एका वेळी एकच छर्रा भरला जातो. धक्का जवळजवळ नसतो, त्यामुळे गोळी सुटण्याआधीच डोळे मिटणे किंवा हात झटकणे ही खोड लागत नाही. ही खोड एकदा जडली की काढायला महिने लागतात. स्पर्धेच्या बहुतेक पिस्तुलांत कोरड्या सरावाची वेगळी सोय असते. दहा मीटरची रेंज बंदिस्त जागेत, शाळेच्या सभागृहातही नियमानुसार उभारता येते. मूठ मुलाच्या हाताच्या मापाची बसवता येते आणि लहान मुलांसाठी कमी वजनाची, आखूड प्रतिरूपेही मिळतात.

तरीही एअर पिस्तुल हे खेळणे नव्हे. जवळून लागलेला छर्रा डोळा कायमचा निकामी करू शकतो. पक्ष्यांवर छर्रे झाडणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा ठरू शकतो. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये पक्ष्यांच्या रक्षणासाठी लोकांनी एअरगन स्वेच्छेने सरकारजमा कराव्यात अशी मोहीमच सुरू करण्यात आली होती. दाबाच्या हवेची नळकांडी सुमारे २०० बार दाबाने भरलेली असतात. त्यांवर मुदत छापलेली असते आणि मुदत संपलेले नळकांडे वापरू नये. जुने पिस्तुल विकत घेताना पालकांनी ही तारीख अवश्य पाहावी.

दिल्लीत कोठे शिकावे?

दिल्लीतील प्रमुख केंद्र म्हणजे तुघलकाबाद येथील डॉ. कर्णी सिंग नेमबाजी रेंज. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेसाठी ती बांधण्यात आली आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी तिचे नूतनीकरण झाले. भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या अखत्यारीतील या रेंजला बिकानेरचे महाराजा आणि पाच ऑलिंपिक स्पर्धांत सहभागी झालेले नेमबाज कर्णी सिंग यांचे नाव आहे. याशिवाय दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, नोएडा आणि गाझियाबाद परिसरात दहा मीटरच्या अनेक खासगी अकादमी आहेत.

देशातील या खेळाची सूत्रे भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेकडे आहेत. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. मूळचे कोकणातले आणि अहमदाबादेत कारकीर्द घडवलेले दादासाहेब मावळंकर यांच्या नावाने होणाऱ्या अखिल भारतीय स्पर्धेतून नवोदित नेमबाजांच्या कित्येक पिढ्या राष्ट्रीय पातळीवर पोहोचल्या. मराठी वाचकांना हा दुवा अनेकदा ठाऊक नसतो.

अकादमीची निवड करताना पालकांनी पदकांच्या छायाचित्रांपेक्षा पुढील गोष्टी पाहाव्यात. अकादमी राज्य संघटनेशी संलग्न आहे काय? सराव चालू असताना प्रशिक्षक रेषेवर उभा असतो की कार्यालयात? 'लोड', 'स्टार्ट', 'स्टॉप', 'अनलोड' हे आदेश प्रत्यक्षात दिले आणि पाळले जातात काय? लक्ष्य बदलण्यासाठी कोणी पुढे गेले असता सर्व शस्त्रे खाली ठेवलेली असतात काय? न वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक शस्त्राच्या नळीत नारिंगी सुरक्षा-पट्टी, म्हणजे सेफ्टी फ्लॅग, घातलेली दिसते काय? पहिल्याच भेटीत मुलाच्या हाती भरलेले पिस्तुल देणाऱ्या ठिकाणापेक्षा पहिले काही दिवस केवळ उभे राहणे, श्वास आणि सुरक्षिततेचे नियम शिकवणारे ठिकाण अधिक विश्वासार्ह समजावे.

मूल तयार आहे हे कसे ओळखावे?

वय हा कायद्याचा निकष आहे, पण पुरेसा नाही. 'थांब' म्हटल्याबरोबर मूल थांबते काय, कंटाळा आल्यावर सांगते की चाळे करू लागते, चूक झाल्यास लपवते की कबूल करते, यावरून त्याची तयारी कळते. शरीराच्या दृष्टीने पाहता, मूठ धरल्यावर पहिल्या बोटाचे पेर चापावर सहज टेकले पाहिजे आणि पिस्तुल खांद्याच्या उंचीवर काही सेकंद न थरथरता धरता आले पाहिजे. तेवढी ताकद नसेल तर टेबलाच्या आधाराने किंवा एअर रायफलने सुरुवात करता येते. डोळ्यांची तपासणी करून घ्यावी आणि कोणता डोळा प्रमुख आहे हे प्रशिक्षकाकडून समजून घ्यावे.

शस्त्र कोणतेही असो, चार नियम सर्वत्र सारखे आहेत. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजावे. ज्यावर गोळी झाडायची नाही, त्याकडे नळीचे तोंड कधीही वळवू नये. नेम धरून झाल्याशिवाय बोट चापावर नेऊ नये. लक्ष्य कोणते आणि त्याच्या मागे काय आहे, हे आधी पाहावे. यांतील एखादा नियम चुकूनही मोडला, तरी दुसरा पाळला गेल्यास बहुधा जीवितहानी टळते. म्हणूनच चारही नियम सवयीचे होईपर्यंत घोकून घ्यावे लागतात.

पॉइंट टू-टूकडे केव्हा वळावे?

एअर पिस्तुलावर वर्ष-दोन वर्षे नियमित सराव झाल्यावर, बारा वर्षांचे वय उलटल्यावर आणि प्रशिक्षकाने शिफारस केल्यावरच पॉइंट टू-टूचा विचार करावा. तोही अधिकृत रेंजवर आणि शक्यतो स्पर्धेच्या पिस्तुलावर करावा. एखाद्या रेंजवर रिव्हॉल्व्हरच उपलब्ध असेल, तर ते लांब नळीचे, पुरेसे वजनदार, साइट्स जुळवता येणारे असावे. चक्रात एकच काडतूस भरावे, हातोडा आधी मागे घेऊन हलक्या चापाने गोळी झाडावी आणि प्रत्येक गोळीनंतर चक्र उघडून दाखवावे.

काडतूस उडाले नाही, तर नळी लक्ष्याच्याच दिशेने ठेवून किमान अर्धा मिनिट थांबावे. दारू कधीकधी उशिराने पेट घेते. त्यानंतर प्रशिक्षकाने शस्त्र उघडावे. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर गोळी नळीतच अडकली असण्याची शक्यता असते. अशा वेळी पुढची गोळी झाडल्यास नळी फुटू शकते, म्हणून सराव तत्काळ थांबवावा.

आवाजाकडेही दुर्लक्ष होऊ नये. पॉइंट टू-टूचा आवाज लहान वाटला तरी आखूड नळीच्या शस्त्रातून तो १४० डेसिबलच्या वर जातो आणि मुलांच्या कानांना कायमची इजा होऊ शकते. कानांवर संरक्षक आवरण आणि डोळ्यांवर चष्मा ही दोन्ही साधने मुलाबरोबरच पालकांनीही वापरावीत. गोळ्या आणि छर्रे शिशाचे असतात. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक आहे. रेंजवर खाणेपिणे टाळावे, सरावानंतर थंड पाण्याने आणि साबणाने हात-तोंड धुवावे आणि सरावाचे कपडे वेगळे धुवावेत.

घरातील शस्त्र

मूल नेमबाजी शिकत असो वा नसो, घरात परवान्याचे शस्त्र असल्यास ते रिकामे करून कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. किल्ली कोठे आहे हे मुलांना कळता कामा नये. उशीखाली, कपाटाच्या वर किंवा गाडीच्या कप्प्यात ठेवलेले शस्त्र मुलांना ठाऊक नसते, हा मोठ्यांचा गैरसमज असतो. घरात किंवा दुसऱ्याकडे शस्त्र दिसल्यास थांबायचे, हात लावायचा नाही, तेथून बाजूला व्हायचे आणि मोठ्या माणसाला सांगायचे, हे प्रत्येक मुलाला शिकवावे. ही शिकवण रेंजवर जाणाऱ्या मुलालाही लागू आहे. किंबहुना शस्त्राची सवय झालेल्या मुलाच्या बाबतीत मित्रांना दाखवण्याचा मोह अधिक असतो.

छोटे रिमफायर रिव्हॉल्व्हर मुलांसाठी योग्य काय, या प्रश्नाचे दिल्ली परिसरातील पालकांसाठीचे उत्तर असे आहे : घरातील स्वसंरक्षणाचे रिव्हॉल्व्हर कुलपातच राहावे. मुलाची सुरुवात संलग्न अकादमीतील एअर पिस्तुल किंवा एअर रायफलवर व्हावी आणि पॉइंट टू-टू हा त्यानंतरचा टप्पा असावा. पहिल्या सहा महिन्यांत स्वतःचे पिस्तुल विकत घेण्याचीही घाई करू नये. बहुतेक अकादमींत सरावासाठी पिस्तुले उपलब्ध असतात. तेवढ्या काळात मुलाची आवड टिकते की नाही हे कळते आणि मूठ कोणत्या मापाची हवी, हेही प्रशिक्षक सांगू शकतो.